दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवताना

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटचा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. छत सुमारे १० फुटांवर, लांबीच्या एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकवलेला दिवाण, एका बाजूला बाल्कनीचे सरकते दार आणि दुसऱ्या बाजूला काचेचे शोकेस, अशी मांडणी थोड्याफार फरकाने आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतेच. या हॉलसाठी मी ५.१ पद्धतीचा संच, म्हणजे पाच स्पीकर आणि फक्त खर्जाचे आवाज काढणारा एक मोठा स्पीकर, सबवूफर, आणला तेव्हा दुकानदाराने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सबवूफर कोपऱ्यात ठेवा, दणका चांगला बसतो. आणि बाकीचे स्पीकर जागा मिळेल तिथे लावून टाका. मी दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा पिक्चर सुरू झाला की आमच्या मांडणीतली ताटं वाजायला लागतात. जरा बघा की." त्याच वेळी हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले माझे वडील मात्र, "एवढा मोठा डबा आणलास, पण त्यातून आवाज तर काही येत नाही," अशी तक्रार करीत होते, आणि मी स्वतः मागच्या दिवाणावर त्याच आवाजाने हैराण झालो होतो. एकच सबवूफर, एकच प्रसंग, आणि तीन जागी तीन वेगवेगळे अनुभव.

हे कोडे सोडवायचे तर आधी आवाजाच्या लहरीची लांबी लक्षात घ्यावी लागते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, म्हणजे साधारण ११३० फूट जातो. या वेगाला वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, भागले की लहरीची लांबी मिळते. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर फुटाहून थोडीशी मोठी असते आणि १०,००० हर्ट्झची दीड इंचाहूनही लहान. असे वरच्या पट्टीतले आवाज टॉर्चच्या झोतासारखे वागतात. ते सरळ जातात, गुळगुळीत भिंतीवरून परततात, आणि मध्ये उशी आली तरी अडतात. याउलट ४० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची लहर सुमारे २८ फुटांची असते आणि २० हर्ट्झची ५६ फुटांची. माझा हॉल १४ फुटांचा आहे. म्हणजे ४० हर्ट्झची बरोबर अर्धी लहर त्याच्या लांबीत बसते, आणि तंटा इथेच सुरू होतो.

पाण्याने अर्धी भरलेली परात दोन्ही हातांत धरून चालताना काय होते, ते आठवून पाहावे. पावले एका विशिष्ट लयीत पडू लागली की पाणी आळीपाळीने एकदा या काठावर आणि एकदा त्या काठावर चढू लागते, लय तशीच राहिली तर सांडते, आणि या सगळ्या खळबळीत परातीच्या मधोमध मात्र पातळी फारशी हलत नाही. बंद खोलीतल्या हवेचेही असेच होते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी मावेल अशा वारंवारतेला हवेचा दाब भिंतींपाशी जोराने वरखाली होतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य राहतो. वडिलांची खुर्ची परातीच्या मधोमध होती, माझा दिवाण काठावर होता, आणि काकूंची ताटे काठाच्या पलीकडे होती.

आपल्या खोलीच्या या 'लयी' कोणत्या, हे काढायला यंत्र लागत नाही. आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे ११३० फुटांच्या, निम्म्या ५६५ या संख्येला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागावे. माझ्या हॉलची लांबी १४ फूट, म्हणून पहिली लय सुमारे ४० हर्ट्झ. रुंदी १० फूट, म्हणून सुमारे ५६ हर्ट्झ. आणि छतही १० फुटांवर, म्हणून पुन्हा ५६ हर्ट्झ. शिवाय यांच्या दुपटी-तिपटी असतात, म्हणजे ८०, ११३, १२० वगैरे. रुंदी आणि उंची सारखीच निघाली की दोन्ही लयी एकमेकींवर चढतात आणि ती एकच वारंवारता वाजवीपेक्षा जास्त घुमते. दहा बाय दहाची आणि दहा फूट उंचीची चौकोनी खोली या दृष्टीने सगळ्यांत वाईट, कारण तिथे तिन्ही लयी एकाच जागी येतात. अशा खोलीत तबल्याची ध्वनिमुद्रिका लावली तर डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याचा वेगळेपणा हरवतो आणि मागे एकसुरी घुमारा तेवढा उरतो.

सांगलीकरांना ही गोष्ट खरे तर नवी वाटायला नको, कारण दहा-बारा किलोमीटरवरच्या मिरजेत तिच्यावरच एक जुना कसबी धंदा उभा आहे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तिथल्या सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर भोपळा निवडून घेतात, वाळवतात, त्याचा घेर आणि जाडी पाहतात, कारण तारेचा आवाज मोठा आणि गोड व्हायचा तो पुढे त्या पोकळीच्या साथीनेच होणार असतो. आपल्या हॉलचा भोपळा मात्र बिल्डरने ठरवलेला असतो, आणि तो ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर चौरस फुटांचा दर होता, खर्जाचा घुमारा नव्हता. भिंतीही काँक्रीटच्या आणि पक्क्या विटांच्या असल्याने बेसचा आवाज त्यांत फारसा मुरत नाही. गावभागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर, जिथे तक्तपोशी लाकडाची आहे आणि दारे-खिडक्या ढिल्या झालेल्या आहेत, तिथे तोच सबवूफर जास्त मोकळा वाजतो. कारण लाकूड स्वतः थरथरून खर्जाची बरीच शक्ती पिऊन टाकते. अर्थात त्या थरथरण्याचा आवाज वेगळा सहन करावा लागतो.

एवढे समजले की पुढचा क्रम आपोआप ठरतो. आधी बसायची जागा, मग सबवूफरची जागा, मग समोरचे तीन स्पीकर, आणि सगळ्यांत शेवटी बाजूचे. दुकानातून येताना आपण नेमक्या उलट्या क्रमाने विचार करीत असतो.

बसायची जागा खोलीच्या अगदी मध्यावर नसावी आणि अगदी मागच्या भिंतीलाही नसावी. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण एक-तृतीयांश अंतरावर बसणे उत्तम मानले जाते. पण १४ फुटांच्या हॉलमध्ये ते अंतर साडेचार फुटांहून जास्त भरते, आणि घरातली माणसे दिवाणाच्या मागून ये-जा करायला तयार नसतात. म्हणून मी दिवाण दोनच फूट पुढे ओढला. प्रामाणिकपणे सांगायचे तर ४० हर्ट्झच्या घुमाऱ्यात तेवढ्याने फारसा फरक पडला नाही. परंतु ८० हर्ट्झच्या आसपासचा फुगलेला आवाज बराच खाली आला, आणि डोक्यामागच्या भिंतीवरून कानात लगेच परतणारा आवाज कमी झाल्याने संवाद स्पष्ट झाले. दिवाण हलवताच येत नसेल तर निदान डोक्यामागे जाड गोधडी किंवा गादीसारखे काही लावावे. मात्र पडदे, गालिचे आणि फोम यांनी खर्ज आवरतो, असे समजू नये. कापडाचा थर परिणामकारक व्हायला त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास लागते, आणि ८० हर्ट्झसाठी तो हिशेब साडेतीन फुटांवर जातो. पडद्याने टाळीचा ठणका मरतो, सबवूफरचा नाही.

आता सबवूफर. कोपरा म्हणजे लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचा काठ, आणि खाली फरशी म्हणजे उंचीचाही काठ. त्यामुळे कोपऱ्यातला सबवूफर खोलीच्या सगळ्या लयी एकाच वेळी पुरेपूर चेतवतो. शिवाय जवळ आलेली प्रत्येक भिंत खर्जाला जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंतचा जोर देते. दुकानदाराचे म्हणणे म्हणून खोटे नव्हते. दणका बसतोच, पण तो मोजक्या दोन-तीन स्वरांचा असतो आणि बाकीचे स्वर त्याखाली दबतात. परातीत बोट काठापाशी हलवले तर पाणी चटकन हेलकावते, मधोमध हलवले तर तसे होत नाही. त्याच न्यायाने सबवूफर एखाद्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवला की त्या भिंतीच्या दिशेची पहिली लय तो जवळजवळ चेतवतच नाही.

पण खऱ्या खोलीत दारे असतात, शोकेस असते, स्वयंपाकघराकडे उघडा कोनाडा असतो, आणि कागदावरचे गणित तिथे थोडे हुकते. म्हणून शेवटचा निवाडा कानांनीच करावा, आणि त्याची एक जुनी युक्ती फार उपयोगी आहे. सबवूफर थेट आपल्या बसायच्या जागेवर, म्हणजे दिवाणावर, ठेवावा. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा चाचणीचा सूर किंवा ज्यात खर्ज वेगवेगळ्या स्वरांत फिरतो असे गाणे लावावे, आणि सबवूफर ठेवता येईल अशा प्रत्येक जागी कान फरशीजवळ नेऊन ऐकावे. ज्या जागी सगळे स्वर साधारण सारख्या जोराने ऐकू येतात ती जागा खुणेने लक्षात ठेवावी, आणि मग सबवूफर उचलून तिथे न्यावा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्या दोघांमधला परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. मी गुडघ्यांवर रांगत हॉलभर फिरत होतो तेव्हा बायकोने, काय हरवले आहे, असे दोनदा विचारले. कोपऱ्यात सूर एकदम फुगायचा, बाल्कनीच्या दारापाशी तो पातळ व्हायचा, आणि शोकेसला लागून, टीव्हीच्या भिंतीपासून साधारण ६ फुटांवर, तो खालून वरपर्यंत एका चालीत जायचा. म्हणजे लांबीच्या मध्याच्या जवळच. सबवूफर आज तिथेच आहे, आणि त्याच्यावर पितळी समई नको, एवढा एकच वाद आमच्या घरात मिटलेला आहे.

सबवूफर फरशीवरच हवा, असाही एक समज आढळतो. या मोठ्या लहरींना दोन-तीन फुटांच्या उंचीचे फारसे अप्रूप नसते. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले त्यांनी तो भक्कम कट्ट्यावर ठेवला तरी आवाजात काही बिघडत नाही. उलट खोलीच्या उंचीची लय थोडी कमीच चेतते. जागा आणि पैसा असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घेऊन ते समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणे हा फार चांगला उपाय आहे, कारण त्या दिशेची पहिली लय दोघे मिळून एकमेकांविरुद्ध ढकलतात, ती उठतच नाही, आणि दिवाणाच्या दोन टोकांना बसलेल्यांना बराचसा सारखा आवाज मिळतो.

आकाराच्या बाबतीत लहान खोली हा तोटा नसून सवलत आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. खोलीच्या सगळ्यांत खालच्या लयीपेक्षाही खालचे आवाज, म्हणजे माझ्या हॉलमध्ये ४० हर्ट्झच्या खालचे, लहरीसारखे फिरत नाहीत. ते सबंध खोलीतल्या हवेचा दाब एकदम वाढवतात आणि कमी करतात. खोली जितकी लहान आणि पक्की, तितके हे काम सोपे. म्हणून १४० चौरस फुटांच्या हॉलला ८ किंवा १० इंची सबवूफर पुरतो, आणि तोही शक्यतो बंद, म्हणजे हवेचे भोक नसलेल्या, पेटीचा, कारण त्याचा आवाज खालच्या बाजूला हळूहळू उतरत जातो आणि खोली नेमकी तिथेच हात देते. खोक्यावर छापलेल्या हजारो वॅटच्या 'पीएमपीओ' आकड्याकडे बघूही नये. तो आकडा क्षणभराच्या कल्पित शक्तीचा असतो. सतत टिकणारी शक्ती सांगणारे आरएमएस वॅट विचारावेत, आणि तेही दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, हे लक्षात ठेवावे. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते.

समोरच्या स्पीकरांकडे वळताना त्रिकोण डोळ्यांसमोर ठेवावा. बसणाऱ्याच्या नाकाच्या रेषेपासून डावा आणि उजवा स्पीकर प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावेत. १० फूट रुंदीत दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून एकेक फूट सोडला तर दोन स्पीकरांमध्ये ८ फूट उरतात, आणि त्यांच्यापासून ९ फुटांवर बसले की कोन सुमारे २४ अंशांचा होतो. म्हणजे आपल्याकडच्या हॉलमध्ये हे गणित फारसे न ओढाताण करता बसते. अडचण येते ती स्पीकरांच्या मागच्या, म्हणजे टीव्हीच्या भिंतीची. स्पीकरचा तोंडवळा त्या भिंतीपासून २ फुटांवर असेल तर भिंतीवर आपटून परतलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला छेद देतो, आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा तिथेच असतो. १ फुटावर हीच खोट २८० हर्ट्झला जाते, जिथे ती त्या मानाने कमी खुपते. मोठ्या खोलीत स्पीकर भिंतीपासून चांगले लांब ओढतात. लहान खोलीत ते शक्य नसते, म्हणून धड ना इकडे ना तिकडे असे ठेवण्यापेक्षा भिंतीजवळच ठेवावेत आणि वाढलेला खर्ज रिसीव्हरमधून, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या मुख्य यंत्रातून, कमी करावा. मागे हवेचे भोक असलेला स्पीकर मात्र भिंतीला चिकटवू नये, निदान एक वीत तरी जागा सोडावी.

टीव्हीच्या फर्निचरमध्ये स्पीकरसाठी सुबक कप्पे करून घेण्याची एक पद्धत पडली आहे, आणि ती मला अजिबात पटत नाही. कप्प्यात खोल ठेवलेला स्पीकर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. कप्पा मोडणे शक्य नसेल तर स्पीकर त्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढावा आणि भोवतालच्या पोकळीत फोम किंवा जुनी कपड्यांची गाठोडी ठासून भरावीत. मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरचे तर याबाबतीत विशेष हाल होतात, आणि चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद त्याच्यातूनच येत असतात. टीव्हीच्या खाली ठेवलेल्या सेंटर स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे सरकवून त्याचा रोख गुडघ्यांकडून कानांकडे वळवावा. संवाद ऐकायला आवाज वाढवावा आणि गाणे लागले की धावत जाऊन कमी करावा, ही घराघरांतली कसरत सेंटर स्पीकरची पातळी २-३ डेसिबलने वाढवल्याने पुष्कळ कमी होते.

बाजूच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजासाठी आरसा वापरावा. एकाने दिवाणावर बसावे, दुसऱ्याने छोटा आरसा भिंतीला लावून कानाच्या उंचीवर पुढे सरकवत न्यावा, आणि ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचे कपाट, जाड पडदा किंवा भिंतीवरचा गालिचा यांपैकी काहीतरी आणावे. आमच्याकडे एका बाजूला ती जागा नेमकी बाल्कनीच्या काचेवर आली, तेव्हा चित्रपट पाहताना पडदा ओढून घेणे एवढेच करावे लागले.

मागच्या, म्हणजे सराउंड स्पीकरांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण लहान हॉलमध्ये त्यांच्यावर फार डोके खर्च करण्यात अर्थ नाही. त्यांची योग्य जागा बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, साधारण ११० अंशांवर असते. दिवाण मागे सरकलेलाच असेल तर त्यांना बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा दोन फूट वर लावावे. एखादा स्पीकर कुणाच्या कानापासून दोन फुटांवर आला तर त्या माणसाला बाकीचे स्पीकर ऐकूच येत नाहीत. त्यात नुसत्या जोराचा प्रश्न नसतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले होते, की काही मिलिसेकंदांच्या अंतराने आलेल्या सारख्या आवाजांपैकी आधी पोहोचणाऱ्या आवाजाकडूनच सगळे येत आहे, असे आपल्या मेंदूला वाटते. म्हणून उंचावर लावावे. आणि जिथे एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असल्याने ते धड लागतच नाहीत, तिथे ते लावू नयेत. समोरचे तीन आणि एक सबवूफर असा ३.१ संच नीट लावलेला असला तर तो वेड्यावाकड्या ५.१ पेक्षा कितीतरी सरस वाजतो, हे माझे ठाम मत आहे. आवाज डोक्यावरून येतो असे वाटावे म्हणून छताकडे तोंड करून तो परतवणाऱ्या ॲटमॉस स्पीकरांना सपाट आणि कठीण छत लागते. पीओपीच्या पायऱ्या आणि झुंबर असलेल्या छतावर ते पैसे वाया जातात.

वायरसाठी महागडी केबल लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची लवचीक वायर घ्यावी. १० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमपेक्षाही थोडा कमी भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. भिंतीच्या तळाच्या पट्टीवरून केसिंग-कॅपिंगमधून ती नेली की घरातल्यांचीही तक्रार राहत नाही. लाल-काळ्या टोकांची अदलाबदल मात्र होऊ देऊ नये. एक स्पीकर उलटा जोडला गेला की एका स्पीकरमधला कंप पावणारा पडदा पुढे येताना दुसऱ्यातला मागे जातो, खर्ज पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासे होते. शंका असल्यास वायरचे टोक रिसीव्हरमधून काढून त्याला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. सेलच्या धन टोकाला लाल तार असताना वूफरचा पडदा बाहेर सरकला पाहिजे. सबवूफरमधून सतत बारीक हूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. पुष्कळदा दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकाने तो त्याच वाटेने शिरलेला असतो.

सगळे जागच्या जागी आले की रिसीव्हरचे काम. त्यात स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' असा प्रश्न येतो, आणि चांगले पैसे मोजून आणलेल्या स्पीकरला 'स्मॉल' म्हणायला अनेकांना जिवावर येते. तिथे 'स्मॉल'च म्हणावे. त्याचा अर्थ एवढाच, की ठरावीक मर्यादेखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल. ती मर्यादा साधारण ८० हर्ट्झ ठेवतात, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही आणि सबवूफर बाजूला असला तरी चालून जाते. तीन इंची इवल्या स्पीकरांच्या तयार संचात ही मर्यादा १२० ते १५० पर्यंत न्यावी लागते. मग मात्र सबवूफर समोरच्या स्पीकरांजवळच हवा, नाहीतर नायक टीव्हीत आणि त्याचा आवाज शोकेसमधून, असे होते. सबवूफरच्या पाठीमागचे स्वतःचे क्रॉसओव्हरचे, म्हणजे हीच मर्यादा ठरवणारे, बटण पूर्ण वर फिरवून ठेवावे, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा चाळणी लागत नाही. फेजचे, म्हणजे सबवूफरचा पडदा बाकीच्या स्पीकरांबरोबर की उलट हलेल हे ठरवणारे, बटण ० आणि १८० असे आलटून-पालटून पाहावे आणि ८० हर्ट्झचा सूर दिवाणावर ज्या स्थितीत मोठा ऐकू येईल तिथे ठेवावे.

रिसीव्हरसोबत येणारा मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. हातात धरू नये आणि दिवाणाच्या पाठीवर टेकवू नये. चाचणी चालू असताना पंखा बंद असावा आणि कुकर गॅसवर नसावा. माझ्या पहिल्या चाचणीत तिसऱ्या शिट्टीला रिसीव्हरने काम सोडून दिले होते. चाचणीनंतर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा काही फूट जास्त दाखवले गेले तर ते 'दुरुस्त' करू नये. सबवूफरच्या आतल्या यंत्रणेत आवाजाला जो उशीर होतो, तो रिसीव्हरने अंतराच्या रूपात मांडलेला असतो. फुगलेला स्वर ही यंत्रणा उत्तम कापते, पण जिथे खोलीनेच स्वर गिळला आहे तिथे कितीही जोर लावला तरी तो भरून निघत नाही. वडिलांच्या मधल्या खुर्चीवर कोणत्याही रिसीव्हरचा इलाज चालला नाही. खुर्चीच तीन फूट मागे घ्यावी लागली.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. आवाज लहान केला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. त्यामुळे रात्री आवाज कमी करून माणसे सबवूफर मात्र वाढवतात, आणि स्लॅबमधून खाली नेमका तोच झिरपतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५, आणि घरातल्या खासगी संचाचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढू नये, असे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० मध्ये घातलेले कलम सांगते. रिसीव्हरमधला 'नाइट मोड' मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलतो, तो दहानंतर चालू करावा. सबवूफरखाली जाड रबर किंवा दाट फोम घातल्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा खर्ज त्याने अडत नाही. तो कमी करायचा तर पातळीच खाली आणावी लागते.

सबवूफर कोपऱ्यातून हलल्यावर आणि त्याची पातळी ५ डेसिबलने उतरल्यावर मी काकूंच्या घरी जाऊन मांडणीपाशी उभा राहिलो आणि वर मुलाला तोच प्रसंग लावायला सांगितला. ताटे गप्प होती. "एवढंच करायचं होतं होय?" असे म्हणून काकूंनी चहा टाकला. आमच्या स्वतःच्या हॉलमधली खडखड मात्र अजून शिल्लक होती, आणि ती शोधायला पुन्हा तोच हळूहळू चढणारा सूर लावला. ४७ हर्ट्झला बाल्कनीच्या दाराची ॲल्युमिनियमची चौकट बोलू लागली, ६२ ला शोकेसची काच, आणि ७० च्या पुढे कुठेतरी एक बारीक किणकिण, जी हात लावला की थांबायची आणि काढला की सुरू व्हायची. काचेच्या खाचेत दुमडलेला पुठ्ठा सरकवला, चौकटीला फेल्टची पट्टी लावली. किणकिण देवघरातल्या घंटेची निघाली. ती आता चित्रपटाच्या वेळी आडवी ठेवली जाते.